शेवटच्या बाकापर्यंत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बिशपसाहेबांचं पत्र आलं. टेकडीपलीकडच्या नव्या वस्तीत मंडळीसाठी चर्च बांधायचं ठरलं आहे. ते मी बांधलेल्या सहांपैकी तिसऱ्या चर्चसारखंच व्हावं, विटेला वीट जुळेल इतकं तसंच, अशी बांधकाम समितीची इच्छा आहे. मी जुने आराखडे द्यायचे, एकदा नजर फिरवायची आणि चोवीस तारखेच्या बैठकीत सही करायची. दाराशी माझ्या नावाची फरशीही बसवणार आहेत म्हणे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस औषधाच्या चिठ्ठीपलीकडे कशावर सही करतो?

म्हणून ही वही काढली. निवृत्त झाल्यापासून कोरीच पडली होती.

बहिणीला, म्हणजे आमच्या धाकटीला, पत्र वाचून दाखवलं. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. सगळं वाचून झालं तरी हूं नाही की चूं नाही. "अगं, काही बोलशील की नाही?" म्हणून जवळ गेलो, तर वळून म्हणते, "साखर संपलीय, दादा." घरात आनंद मावेना आणि हिचं चित्त साखरेच्या डब्यात. शेवटी पत्र हातात दिलं तेव्हा तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पदराने डोळे टिपले. "सातवं," एवढंच म्हणाली.

साखरेच्या डब्यावरून आई आठवली. लहानपणी मी डब्याचं झाकण कितीही अलगद उघडो, तीन खोल्यांपलीकडून हाक यायची, "ठेव ते खाली." चोरी पचायची म्हणून नाही त्या घरात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

समितीने नेमलेल्या आर्किटेक्ट बाई आराखडे घ्यायला आल्या. बाई कसल्या, माझ्या नातीच्या वयाची पोर. खिशातलं यंत्र भिंतीवर धरते आणि लाल ठिपका उमटला की माप सांगते. मी आयुष्यभर सुतळीला गाठी मारून मापं घेतली. तिने कॉलेज विचारलं. म्हटलं, "गवंड्यांच्या शेजारी उकिडवं बसून जेवढं शिकता येतं तेवढं शिकलो. बाकीचं भिंती पडल्या तेव्हा कळलं." ती हसली. गुणी आहे.

तिला सगळं सांगितलं. ज्या चर्चमध्ये मी लहानाचा मोठा झालो तिथले पाळक पुटपुटायचे. मागच्या बाकांवर मुलं गोट्या खेळायची आणि मोठी माणसं डुलक्या काढायची, कारण शब्द तिथवर पोचायचाच नाही. तेव्हाच ठरवलं होतं की मी पाळक झालो तर शेवटच्या बाकावरच्या माणसाला पहिल्या बाकाइतकंच ऐकू येईल. त्यासाठीच उंच लाकडी छत, लांब सरळ दालन, तीन पायऱ्यांवर वेदी आणि वेदी ते दार मध्ये काडीचाही अडसर नाही. त्यासाठीच अकरा वर्षं खपून उपासनेचं पुस्तक नव्याने बांधलं, कठीण शब्द काढून घरातले शब्द घातले. छपाईआधी धाकटीने ते तीन वेळा स्वहस्ते उतरवून काढलं. लाउडस्पीकर मात्र एकाही चर्चमध्ये लावू दिला नाही. नव्या पाळकांनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं. यंत्रातून आलेला आशीर्वाद मला शिळा वाटतो.

त्या जुन्या चर्चमध्ये पुलपिटाला, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याला, खेटून एक आखूड बाक असायचं, ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी. त्यावर आई बसायची आणि धाकटी तिच्या सोबतीला. पुढे तेच चर्च पाडून मी माझं पहिलं बांधलं तेव्हा ते बाक काढून टाकलं. सगळ्यांनाच ऐकू येणार, तर त्याची गरज काय? शिवाय मिरवणुकीच्या वाटेत यायचं.

बाईंनी विचारलं, "पण ऐकू जातं की नाही, हे तपासायचात कसं?"

"धाकटी आहे ना. रंगाचा हात लागायच्या आधी ती शेवटच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात बसायची. मी वेदीवरून उपासनेचं पहिलं वाक्य म्हणायचो, 'या, ज्याला भार आहे त्याने तो दाराशी ठेवावा आणि हलक्या हातांनी आत यावं.' मग विचारायचो, ऐकू येतं का? ती हात वर करून म्हणायची, येतं. सहा चर्च, सहा वेळा."

"प्रत्येक वेळी तेच वाक्य?"

"मग? उपासना काय रोज बदलते?"

"आणि आणखी कोणी बसायचं मागे?"

"घरचं माणूस कशाला खोटं बोलेल, पोरी?"

तिने वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुतार आला होता. सहाही चर्चची बाकं त्याच्या हातची. सातव्याची बातमी ऐकून म्हणाला, "चला, म्हणजे मरायला अजून वेळ आहे. बाकं करून झाल्याशिवाय देव न्यायचा नाही मला."

"तुला नेऊन देव तरी काय करणार? तिथे बाकं लागत नाहीत."

"उभ्यानेच ऐकतात का सगळे?" म्हणाला. मग थोडा थांबला. "पाळकसाहेब, यावेळी मागची बाकं जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. रुंद करू म्हणतोय."

तो गेल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली आणि दिवसभर नखात कुसळ राहावं तशी सलत राहिली. तिसरं चर्च होत आलं होतं. हाच सुतार म्हणाला होता, "साहेब, मागे शब्द गढूळ येतोय." मी दहा कामगारांसमोर म्हणालो, "तुझ्या कानात भुसा गेलाय, तो काढ आधी." सगळे हसले. तोही हसला. या गोष्टीला तीस वर्षं झाली. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आर्किटेक्ट बाईंचा फोन. एक छोटी चाचणी घ्यायची म्हणते. मी वेदीवरून वीस शब्द वाचायचे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. मागच्या बाकांवरच्या बारा माणसांनी ऐकू येईल ते कागदावर लिहायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण म्हटलं, पोरीची हौस होऊ दे. धाकटीलाही तिच्या जुन्या जागी बसवू.

संध्याकाळी दोघं फिरायला गेलो. रस्ता ओलांडताना मी तिच्या डावीकडे आलो, तर हिने लगेच वळसा घालून मला उजवीकडे घेतलं. लहानपणापासूनची खोड. सात वर्षांची असताना मोठा ताप आला होता, त्यातून उठली ती अशी हट्टी होऊनच. शाळेत बाई म्हणायच्या, मुलगी हुशार आहे पण लक्ष अर्धं असतं. मीही तिला पुष्कळदा त्यावरून बोललोय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही, पण न लिहिणं म्हणजे आणखी एकदा झाकणं.

सकाळी दहाला तिसऱ्या चर्चमध्ये जमलो. बारा जण शेवटच्या दोन बाकांवर बसले. धाकटी डाव्या कोपऱ्यात, सुतार दुसऱ्या टोकाला. आर्किटेक्ट बाईंनी पुढे माझ्याशेजारी उभं राहून चाचणी कशी घ्यायची ते सांगितलं आणि मी वाचायला लागलो. चमचा, जिना, कापूस, बादली, कुलूप. माझा आवाज अजून खणखणीत आहे. छताला भिडून परत येताना कानाला किती गोड लागतो. प्रत्येक शब्दानंतर मी थांबत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ पोरी.

कागद गोळा झाले. ती एकेक बघत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. ज्याने सगळ्यात जास्त ओळखले त्याचे वीसपैकी सात. बहुतेकांचे तीन-चार. सुताराने पहिल्या ओळीत 'भाजी?' लिहिलं होतं आणि खाली एकोणीस वेळा आमेन.

"हे काय?" मी विचारलं.

"तुम्ही थांबलात की मी आमेन म्हणतो, साहेब. तीस वर्षं असंच चाललंय."

कोणीतरी हसलं. मग तिने धाकटीचा कागद बघितला आणि दुमडून पर्समध्ये घालायला लागली. मी तो मागून घेतला.

धाकटीच्या सुरेख अक्षरात ओळीने आकडे घातलेले. एक, या. दोन, ज्याला. तीन, भार आहे. चार, त्याने तो. पाच, दाराशी. असं करत पुस्तकाचं अख्खं पहिलं पान वीस ओळींत बसवलेलं. चमचा नाही, जिना नाही. काय करायचं आहे हे पुढे सांगितलं गेलं, तेही तिला ऐकू गेलं नव्हतं. मी नेहमी जे म्हणतो तेच आज म्हणणार असं धरून तिने लिहून टाकलं. खाली, कोणी विचारलेलं नसताना, लिहिलं होतं: येतं.

मी वेदीवरून तिच्याकडे बघितलं. तिने हात वर केला.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसलो. निवृत्तीपासून माझी जागा पहिल्या बाकावर, उशीसकट. आज मागे गेलो तर लोक सरकून वाट द्यायला लागले, पाहुणा आल्यासारखे.

नव्या पाळकांचा आवाज चांगला मोठा आहे. पण मागे येईपर्यंत एका शब्दावर दुसरा चढतो आणि सगळ्यांची खिचडी होते. पाण्याखाली कोणी बोलावं तसं. माझं छत, माझी लांबी, माझं सगळं. माझ्या शेजारी बसलेली माणसं पुस्तकात बघत नव्हती, पुढच्यांच्या पाठींकडे बघत होती. पाठी उठल्या की उठायचं, बसल्या की बसायचं. एका आजोबांनी बायकोला विचारलं, "काय चाललंय?" ती म्हणाली, "आशीर्वाद झाला असावा. पुढचे चपला शोधतायत."

मला हसू आलं आणि नंतर तोंड कुठे लपवू असं झालं. ही माणसं तीस वर्षं येतायत. एकही जण मला म्हणाला नाही. नाही कसा? एक म्हणाला होता. त्याला मी भुसा काढायला सांगितला.

दुपारी धाकटीच्या समोर बसलो. समोर, म्हणजे तिला माझे ओठ दिसतील असा. हेही आजच सुचलं.

"तुला ऐकू येत नव्हतं?"

"थोडं यायचं."

"कधीपासून?"

"आता काय मोजत बसू?" ती भाजी निवडत राहिली. "पहिल्या वेळी तू वेदीवर उभा होतास, दादा. तुझा चेहरा असा काही होता. नाही म्हटलं असतं, तर तू छत उतरवलं असतंस."

"उतरवलं असतं."

"म्हणूनच."

"आणि दुसऱ्या वेळी?"

तिने देठ मोडले, टाकले. "दुसऱ्या वेळी मी नाही म्हणाले होते. तू शिडीवर होतास. म्हणालास, काय गं, मोठ्याने बोल. मग मी म्हटलं, येतं."

मला हे आठवत नाही. खूप आठवून बघितलं. शिडी आठवते, हातातला ओळंबासुद्धा आठवतो, ती आठवत नाही. चूक झाली याची लाज आहेच, पण आठवत नाही याची त्याहून जास्त आहे.

"कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "सहा चर्च आहेत, तुझं पुस्तक आहे. आता या वयात कशाला उकरायचं?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पण मनातल्या मनात हायसं वाटलं. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? तीच नको म्हणतेय, तर तिच्यासाठी गप्प बसावं, असा विचार मी केला. तिच्यासाठी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चार दिवस पुस्तकाची प्रस्तावना वाचतोय. माझंच वाक्य आहे: 'ही उपासना शेवटच्या बाकावर ऐकू येते, याची खात्री करूनच ती मंडळीच्या हाती दिली आहे.' खात्री हा शब्द तेव्हा मी खोडून दोनदा लिहिला होता, ठसठशीत यावा म्हणून.

आर्किटेक्ट बाईंनी निरोप पाठवला. चाचणीचा निकाल समितीपुढे ठेवावाच लागेल, पण आधी मी बोलावं असं तिला वाटतं. पोर थोरामोठ्यांचा मान राखणारी आहे. तिने निकाल चोरून ठेवला असता तर बरं, असंही क्षणभर वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बैठक झाली.

तयारी करून गेलो होतो. चूक माझी, असं पहिलंच वाक्य ठरवलं होतं. जाताना वाटेत तीनदा म्हणूनही बघितलं. खोलीत आठ माणसं होती, टेबलावर माझे आराखडे पसरलेले आणि कडेला माझ्या नावाच्या फरशीचा कागदी नमुना. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "आज आपल्यात साक्षात..." आणि पुढे पुष्कळ बोलले.

मग मी उठलो. म्हणालो, "एक खुलासा करायचा आहे. शेवटच्या बाकांवर ऐकू जात नाही, असं आढळलं आहे. त्या काळी ज्या व्यक्तीने तपासणी केली, तिच्या ऐकण्यात दोष होता. मला त्याची कल्पना नव्हती."

वाक्य असं सरळ तोंडातून गेलं, जणू कित्येक दिवस तिथे तयार होतं. खोलीतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दया आली. अध्यक्ष म्हणाले, "अरेरे, आत्याबाईंचं वय झालं. तुमचा काय दोष?" मंडळी तिला आत्याबाईच म्हणते. आर्किटेक्ट बाई माझ्याकडे न बघता आराखड्याची घडी घालत होती. सुतार दाराशी उभा होता. तो म्हणाला, "तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या." कोणी लक्ष दिलं नाही.

नावाची फरशी कायम राहिली. आराखड्यात किरकोळ बदल होतील. चहा झाला.

घरी आलो तर धाकटीने पाव भाजून ठेवला होता. "झालं का नीट?" विचारलं. मी मान हलवली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

अध्यक्षांची बायको आली होती. कानाच्या यंत्राचं माहितीपत्रक आणि फुलं घेऊन. धाकटीचा हात हातात घेऊन जोरजोरात म्हणाली, "आत्याबाई, मनाला लावून घेऊ नका हो. तुमच्याकडून काही मुद्दाम झालेलं नाही."

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा पाळक, दाराच्या फटीमागे उभा.

ती गेल्यावर धाकटीने फुलं पाण्यात ठेवली. मग चहा घेऊन आत आली. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो आणि बरं वाटलं असतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

धाकटी म्हणते, रविवारी चर्चला येणार नाही. गुडघे दुखतात म्हणाली. काल याच गुडघ्यांनी माळ्यावर चढून डबे घासले.

साठ-पासष्ट वर्षांत तिने रविवार चुकवलेला मला माहीत नाही. तिला ऐकू येत नव्हतं तरी यायची. आता आपलं ऐकू न येणं सगळ्यांना कळलं म्हणून येत नाही. ज्या घराचं दार शेवटच्या माणसासाठी उघडायचं म्हणून जन्म घालवला, त्या दारातून मी एकीला बाहेर काढलं, आणि ती कोण, तर जिने ते पुस्तक तीनदा उतरवलं ती.

नव्या पाळकांना फोन केला. रविवारी दहा मिनिटं मागितली. त्यांनी विचारलं, "उपदेश?" म्हटलं, "नाही. उपदेश पुष्कळ झाले."

रविवार, २ मार्च

सकाळी धाकटीच्या समोर उभा राहिलो. म्हणालो, "चल."

"गुडघे..."

"तू आली नाहीस तर मी तिथे बोलणार नाही."

"मी येऊन तरी काय ऐकणार आहे?" म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. या आठवड्यातलं पहिलं हसू. मग पिन लावून तयार झाली.

ती आपल्या कोपऱ्यात बसली. माझी वेळ आली तेव्हा नव्या पाळकांनी मला वेदीकडे हात केला. मी उलट दिशेला चालत सुटलो. मधल्या वाटेने, सगळ्या बाकांना मागे टाकत, शेवटच्या बाकापर्यंत. तिच्या बाजूला उभा राहिलो आणि तिथून बोललो. सगळ्या मंडळीला माना वळवून बसावं लागलं.

म्हणालो, "सोमवारी मी समितीला सांगितलं की माझ्या बहिणीच्या ऐकण्यात दोष होता, म्हणून ही चर्चं चुकली. ते खोटं आहे. तिने मला दुसऱ्याच चर्चला नाही म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिसऱ्याला या सुताराने सांगितलं, मी चारचौघांत त्याचं हसं केलं. प्रत्येक वेळी मी तेच वाक्य म्हणालो, जे सगळ्यांना पाठ होतं, आणि प्रत्येक वेळी मला हवं तेच उत्तर येईल अशा माणसाला विचारलं. तुम्ही मागे बसणारे तीस वर्षं पाठी बघून उठता-बसता. तो दोष माझा. दुसऱ्या कोणाचाही नाही."

पहिल्या बाकावरून अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, "काय म्हणाले ते? इकडे काही कळलं नाही."

सुतार उठला. "आता समजलं का मागे कसं वाटतं?" म्हणाला. मागची बाकं हसली. मग त्यानेच वाटेत मध्यावर उभं राहून माझं म्हणणं पुढे वाक्यावाक्याने पोचवलं. भुशाचं आलं तेव्हा त्याने जरा रंगवूनच सांगितलं. सांगू दे, हक्काचं आहे त्याचं.

धाकटी पूर्ण वेळ खाली बघत होती. बाहेर पडताना म्हणाली, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती?" मग थोडं चालून, "शिडीचं सांगायचं राहिलं तुझं."

गुरुवार, १३ मार्च

बिशपसाहेबांचं पत्र, चार ओळींचं. नावाची फरशी बसणार नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून प्रस्तावना निघेल. सहाही चर्चमध्ये लाउडस्पीकर बसतील. शेवटी लिहिलंय, 'आपल्या सेवेबद्दल आदर कायम आहे.' आदर कायम आहे हे जेव्हा लिहून कळवावं लागतं तेव्हा काय समजायचं ते मी समजतो. बरोबरच आहे.

तिसऱ्यात स्पीकर बसलेही. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, मला अजिबात आवडत नाही. मागच्या बाकावरचे ते आजोबा मात्र आशीर्वादाला बायकोच्या आधी उठले.

सातव्याचा आराखडा आर्किटेक्ट बाई नव्याने करते आहे. आखूड दालन, खाली उतरतं छत, तीन बाजूंनी बाकं. मला बोलावलंय, सही करायला नाही, बघायला. मी एकच गोष्ट मागितली: वेदीच्या जवळ एक आखूड बाक, आमच्या जुन्या चर्चमध्ये होतं तसं. मीच ते काढलं होतं. कागदावर काढून खाली लिहिलं, 'आईचं बाक'. धाकटीला दाखवलं.

"आईचं?"

"मग? तिला ऐकायला कमी यायचं ना."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

शनिवार, २२ मार्च

सातव्या चर्चच्या जागेवर गेलो होतो. भिंतींच्या जागी अजून दोऱ्याच ताणल्यात. बाकांच्या रेघा चुन्याने आखल्यात. वेदीच्या जागी एक दगड ठेवलाय.

शेवटचं बाक नेमकं कुठवर न्यायचं यावर आर्किटेक्ट बाई आणि सुतार यांचं चाललं होतं. भिंती आणि छत आल्यावर फरक पडेलच, पण पहिला अंदाज कानाने घेऊ, असं ती म्हणाली. मी दगडाकडे निघालो. सवयच ती. चार पावलं गेलो आणि थांबलो.

"धाकटे," मी म्हटलं, "तू उभी राहा तिथे. मी मागे बसतो."

"मी काय बोलू? पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं सोडून काहीही."

ती दगडापाशी जाऊन उभी राहिली. मी सगळ्यात मागच्या रेघेवर, डाव्या कोपऱ्यात, उपड्या बादलीवर बसलो. एवढ्या मोठ्या जागेत ती पाचवीतल्या मुलीएवढी दिसत होती. तिचे ओठ हलले. मग तिने विचारल्यासारखा हात वर केला. तिचा चेहरा बघून माझ्या तोंडावर 'येतं' आलं होतं. अगदी आलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

उठून एक रेघ पुढे आलो. ती पुन्हा बोलली. आवाज आला, शब्द नाही.

"नाही."

सुतार खुंटी आणि हातोडा घेऊन माझ्या मागे मागे येत होता. आणखी एक रेघ. ती तेच बोलतेय हे ओठांवरून कळत होतं. घाईत नव्हती. खूप वर्षं थांबलेल्या माणसाला घाई नसते. चौथ्या रेघेवर आलो तेव्हा तिचा नेहमीचा, घरातला आवाज नीट कानावर आला.

"आईला सगळं ऐकू यायचं, दादा."

"आलं का?" सुताराने विचारलं.

"आलं," मी म्हणालो. त्याने खुंटी ठोकली.

मी तिथेच उभा होतो. साखरेच्या डब्याचं झाकण. तीन खोल्यांपलीकडून हाक. आणि पुलपिटाला खेटून ते आखूड बाक, ज्यावर आई बसायची आणि शेजारी सात-आठ वर्षांची धाकटी, उजवा गाल वेदीकडे करून.

परत निघालो तेव्हा ती दाराच्या जागेतून बाहेर पडून माझी वाट बघत उभी होती. मी तिच्या डावीकडून आलो होतो. ती वळसा घालायला वळली, त्याच्या आत मीच मागून फिरून तिच्या उजवीकडे गेलो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं.

'आईचं' खोडून कागदावर काय लिहायचं, ते उद्या तिलाच विचारणार आहे. उजव्या बाजूने.